२०२५ च्या बजेटमध्ये १२ लाखापर्यंतचं उत्पन्न टॅक्स फ्री झालं, पण २८ हजार पगारवाल्याला काय भेटलं?

बुटीबोरीवाला:
एमआयडीसीत कामाला आहे, पगार २८ हजार. साळा नागपूरच्या मिहानमध्ये कंपनीत १३ लाखाच्या पॅकेजवर आहे, तो म्हणतो माझे साठेक हजार वाचले. माझ्या पगारात तर एक रुपया वाढला नाही, उलट दर महिन्याला २०० रुपये कटतातच. बायको कोचिंग क्लासमध्ये शिकवते, तिचेही १० टक्के टॅक्स म्हणून कापून देतात. वरून एजंट मागं लागला आहे की मार्चच्या आधी टॅक्स वाचवायला पॉलिसी घ्या. घेऊ का?

हिशोबी_मानेवाडा:
भाऊ, तुझा वर्षाचा पगार होते ३ लाख ३६ हजार. २०२५ च्या बजेटच्या आधीही नवीन रेजिममध्ये (टॅक्स मोजायची नवीन पद्धत) पावणेआठ लाखापर्यंतच्या पगारदाराला टॅक्स शून्यच होता, आता ती हद्द १२ लाख ७५ हजारावर गेली. म्हणजे जो आधी भरत होता त्याचेच वाचले. १२ लाख टॅक्सेबल (वजावटीनंतर टॅक्स लागणारं उत्पन्न) असणाऱ्याचे ८० हजार, २४ लाखवाल्याचे १ लाख १० हजार, तुझ्यासारख्याचे शून्य. मला हेच पटत नाही, सगळीकडे मध्यमवर्गाला दिलासा म्हणतात पण आपल्या इथं कारखान्यात, दुकानात राबणारे बहुतेक जण त्या हिशोबातच येत नाहीत ना.
ते २०० म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, तो राज्य सरकारचा, फेब्रुवारीत ३०० कटतो, वर्षाचे २५००. त्याचा या बजेटशी संबंध नाही.

साळ्याचं गणित पाहणारा:
१३ लाखातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला मिळणारी सरसकट वजावट) गेलं की राहिले १२ लाख २५ हजार. १२ च्या थोडंच वर असेल तर वर जेवढे जास्त त्याहून जास्त टॅक्स लागत नाही, म्हणून २५ हजार आणि त्यावरचा ४ टक्के सेस धरून २६ हजार. आधी ८८ हजार ४०० लागले असते, त्यामुळे तो बरोबर सांगतो.

वर्धारोडची_ताई:
भाऊ, पॉलिसी टॅक्ससाठी अजिबात घेऊ नका, टॅक्सच नाही तर वाचवणार काय? नवीन रेजिममध्ये ८०सी ची, म्हणजे पॉलिसीसारख्या गुंतवणुकीवरची सूटही नाही. घरासाठी संरक्षण हवं असेल तर साधा टर्म (फक्त जिवाचं संरक्षण देणारा) आणि हेल्थ इन्शुरन्स पहा, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी गेला. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं तेही त्याच दिवशी, तुमच्या घराला जो काही थोडाफार फायदा आहे तो असा किराण्यातच आहे.
आणि वहिनींचे कापलेले पैसे सोडू नका!! २६एएस (पॅनवर किती टॅक्स कापून जमा झाला ते दाखवणारं स्टेटमेंट) मध्ये दिसतात का ते पहा, रिटर्न भरलं की रिफंड येतो. इन्कम कमी आहे म्हणून रिटर्न न भरणारे कितीतरी जण स्वतःचेच पैसे तिकडे ठेवतात.

बुटीबोरीवाला:
ताई, तिच्या पॅन कार्डवर माहेरचं नाव आहे अन् बँकेत सासरचं, चालते का?

वर्धारोडची_ताई:
आधी पॅनवरचं नाव दुरुस्त करून घ्या, मग इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट करा. नाव जुळलं नाही तर रिफंड अटकू शकतो.