मतदारसंघ आखता येतात की
कुणीतरी विचारलंय, परदेशात राहणाऱ्या भारतीयांना वेगळा खासदार द्यायचा तर मतदारसंघ आखणार कुठे? अहो, फ्रान्सने आखलेत की! २०१२ पासून बाहेर राहणाऱ्यांचे ११ खासदार आहेत त्यांच्या संसदेत, अमेरिका-कॅनडा मिळून एक, आणि अकरावा तर रशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलाय, आपल्या पुद्दुचेरीतले फ्रेंच पासपोर्टवाले तमिळ आजी-आजोबा पण त्यातच मत देतात. (एवढ्या पसाऱ्यात प्रचाराला फिरायचं कसं, देव जाणे.) इटलीतही असे खासदार आहेत, फक्त २०२० च्या सार्वमतात कात्री लागली आणि खालच्या सभागृहातले १२ चे ८ झाले. आपल्याकडे परदेशातल्या भारतीयांनी फॉर्म ६ए (त्यांच्यासाठीचा मतदार नोंदणीचा अर्ज) भरला की गावच्या मतदार यादीत नाव लागतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर हजर व्हायचं. आता दुबईहून साताऱ्याला तिकीट काढून कोण येणार एक बटण दाबायला?