फ्रान्सच्या डोंगराळ, निवांत भागात रोड सायकलिंग: कुठे जावं?

दोनचाकी_पुणे

नमस्कार मंडळी. जूनमध्ये लिऑनला बहिणीकडे जायचंय. तिथून पुढे आठवडाभर मी आणि नवरा रोड सायकलवर भटकायचं म्हणतोय. घाटांची सवय आहे दोघांनाही, 200-300 किमीच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) झाल्यात, पण इथे घड्याळाशी भांडण नको. रोज 60 ते 80 किमी, चढ हवेत, गाड्या नकोत, संध्याकाळी गरम जेवण आणि गादी मिळाली की झालं. आल्प्स मुद्दाम टाळतोय, जुलैच्या आधीपासूनच तिथे मोटरसायकली आणि कॅम्परव्हॅनची रीघ असते म्हणे.

लिऑनपासून रेल्वेने जाता येईल असा भाग सुचवा. सायकल इथून न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी? आणि नवरा शाकाहारी आहे (अंडं, चीज चालतं), त्याचं काय होईल?

डांबरी

काँताल. बाकीचे काय सांगतील ते ऐका, पण आधी काँताल बघा.

मी क्लेर्मों-फेराँला राहतो, त्यामुळे पक्षपाती आहे हे धरून चाला. मासिफ सांत्राल म्हणजे फ्रान्सच्या पोटातला जुना डोंगराळ पट्टा, आणि काँताल हा त्यातला विझलेला प्रचंड ज्वालामुखी. मधल्या उंच भागातून दऱ्या चहूबाजूंनी खाली जातात. एका दरीतून चढायचं, खिंड ओलांडायची, दुसऱ्या दरीत उतरायचं. उंची आल्प्सच्या मानाने काहीच नाही, पण सपाट रस्ता दिवसभरात शोधून सापडत नाही.

लिऑनहून क्लेर्मोंला रेल्वे आहे, साधारण अडीच तास. तिथून ओरियाककडे जाणाऱ्या गाडीने म्यूराला उतरा. म्यूरा ते सालेर्स हा डी 680 रस्ता तुमचा मुख्य दिवस. वाटेत पा द पेरोल, 1589 मीटर, मासिफ सांत्रालमधली रस्त्याने जाता येणारी सर्वात उंच खिंड, प्यूई मारी शिखराच्या अगदी खांद्यावर. म्यूराकडून चढ लांब पण समजूतदार आहे. सालेर्सकडून आलात तर शेवटचे दोनेक किलोमीटर दहा टक्क्यांच्या वर. सिंहगड सायकलने चढलेल्या माणसाला तो आकडा समजावून सांगायला नको. 2024 च्या टूर द फ्रान्स शर्यतीत पोगाचारने याच खिंडीच्या माथ्याजवळ हल्ला चढवला होता, आणि तरी शेवटी ल लियोराँला, त्या दिवसाच्या शेवटच्या टप्प्यावर, त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगार जिंकला.

सालेर्स गाव काळ्या ज्वालामुखीच्या दगडात बांधलेलं आहे. तिथे एक मुक्काम कराच. तिथून दक्षिणेला तूर्नमीर, मग ओरियाक, सगळे लहान रस्ते. फक्त एन 122 हा हमरस्ता टाळा, ट्रक असतात.

आणि हो, पा द पेरोल हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते, कधीकधी मे उजाडेपर्यंत. जूनमध्ये सहसा अडचण नाही, तरी निघायच्या आदल्या दिवशी खिंड उघडी आहे का ते बघा. तळाशी 'ऊव्हेर' (उघडी) किंवा 'फेर्मे' (बंद) अशी पाटी असते, पण तिथवर पोचून 'फेर्मे' वाचण्यात मजा नाही.

एकवीस_वळणं

फ्रान्सला जाऊन आल्प द्युएझ, आल्प्समधला तो प्रसिद्ध चढ, नाही? घरी परत घेतील का?

डांबरी

घेतील. पेपरातला फोटो नसेल, एवढंच.

हळूबाई

काँताल सुंदर आहे, वाद नाही, पण लिऑनवाल्यांना आर्देश जास्त सोयीचं पडेल. व्हालाँसकडे जाणाऱ्या लोकल गाडीने तँ-लेर्मिताजला उतरायचं, पुलावरून ऱ्होन ओलांडली की पलीकडे तूर्नों, आणि तिथूनच चढ सुरू. सँ-फेलिसियँ, लालुव्हेस्क, लामास्त्र या पट्ट्यात पाहिजे तितकं फिरा. चेस्टनटची झाडं, बकऱ्या, अरुंद रस्ते. ताकद उरली तर नैर्ऋत्येला जेर्बिए द जोंकपर्यंत जा, लुआर नदी तिथे उगम पावते.

एक सावधगिरी. जूनच्या मध्यात 'लार्देशुआज' ही मोठी सायकल राइड असते, सँ-फेलिसियँहून. त्या दिवसांत हजारो सायकलस्वार येतात. रस्ते मोटारींना बंद असतात म्हणून काहींना तेच हवं असतं, पण राहायला खोली मिळणार नाही. तारखा बघूनच बेत ठरवा. तुम्हाला निवांत हवंय, तर मी तो आठवडा सोडून देईन.

नकाशेवाला

भाग कुठलाही निवडा, रस्ता निवडायची युक्ती एकच. मिशलँचा कागदी नकाशा घ्या, जिल्ह्यांचा, 1:150000 वाला. त्यात लाल रस्ते सोडून द्या, पिवळे गरजेपुरते, आणि पांढरे हे तुमचे. रस्त्याला हिरवी कड असेल तर निसर्ग चांगला. बाणाच्या छोट्या खुणा चढ दाखवतात: एक बाण 5 ते 9 टक्के, दोन बाण 9 ते 13, तीन बाण म्हणजे त्याच्याही वर. पांढऱ्या रस्त्यावर तीन बाण दिसले की नवऱ्याला आधी सांगून ठेवा.

फोनवरचं अॅप हाताशी असू द्या, पण 'सर्वात जवळचा मार्ग' मागितलात तर ते शेतातल्या मातीच्या वाटेवर नेऊन घालतं.

गावातला नियमही लक्षात ठेवा: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून येणारा ट्रॅक्टर का असेना. गाड्यांनी तुम्हाला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि बहुतेक जण ठेवतात. पहिले दोन दिवस हे पचत नाही.

मूगडाळ

शाकाहाराबद्दल खरं सांगते, कारण गोड बोलणारे पुष्कळ भेटतील. या भागात चीज म्हणजे जेवण, पण काँताल, सालेर्स, सँ-नेक्तेर ही पारंपरिक चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, विरजतात. चालत असेल तर प्रश्न सुटला. नसेल तर बेकरी, फळं आणि अंडी यावर आठवडा काढावा लागेल.

बटाटा आणि ताज्या चीजचं 'त्रुफाद' हा इथला मुख्य पदार्थ. त्यात बऱ्याचदा डुकराचे तुकडे किंवा चरबी असते, ऑर्डर देताना 'साँ व्हियाँद, साँ लार्दाँ' (मांस नको, डुकराचे तुकडे नकोत) म्हणायचं आणि चरबीचं वेगळं विचारायचं. 'अलिगो' जास्त सुरक्षित: बटाटा, चीज, लसूण. पण त्याच्यासोबत सॉसेज येतं, ते नको म्हणून सांगा. 'पुंती' नावाचा हिरवट केक दिसेल, पालेभाज्यांचा वाटतो, आत मांस असतं. प्यूईची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, तीही मांस घालून शिजवतात, तेव्हा विचारल्याशिवाय मसूर दिसली म्हणून हुरळू नका.

त्यापेक्षा मोठी अडचण वेळेची. जेवण बाराला सुरू, दीड-दोनला स्वयंपाकघर बंद. अडीचला पोचलात तर कॉफी मिळेल. दुकानंही दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर सगळं सामसूम, बेकरी बऱ्याच गावांत सोमवारी बंद. कित्येक गावांत तर दुकानच उरलेलं नाही. त्यामुळे दिवसाचा बेत किलोमीटरवर नाही, बाराच्या जेवणावर बेता. शेंगदाण्याची चिक्की भरपूर न्या. पेढे, बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणता येत नाहीत.

राहायला 'शाँब्र दोत' बघा, म्हणजे घरगुती खोली. खोली ठरवतानाच 'ताब्ल दोत' म्हणजे रात्रीचं जेवण आहे का आणि शाकाहारी कराल का हे विचारा. आधी कळवलं तर मनापासून करतात. ऐनवेळी सांगितलं तर ऑम्लेट.

दोनचाकी_पुणे

काय माहिती दिलीत! काँताल जवळजवळ ठरलं. रेनेट चालेल म्हणतोय नवरा, 'तिथे गेल्यावर बघू' या स्वरात. पाण्याचं काय? आणि सायकलीचा प्रश्न राहिला.

डांबरी

पाणी दफनभूमीत. चेष्टा नाही, इथले सायकलवालेही तिथेच बाटल्या भरतात. फुलझाडांसाठी नळ असतो. फक्त 'ओ नाँ पोताब्ल' (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेलं असेल तर पिऊ नका.

आठवड्यासाठी पुण्याहून सायकल आणणं मला पटत नाही. खोका, विमानाचं भाडं, उतरल्यावर जुळणी, परतीसाठी खोका कुठे ठेवायचा, नुसती कटकट. लिऑनला चांगल्या रोड सायकली भाड्याने मिळतात. आपलं सीट आणि पेडल मात्र न्या. मागच्या चाकाला 34 दातांपर्यंतचा कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच, जास्त दात म्हणजे चढ सोपा) मागून घ्या, 28 वर समाधान मानू नका. भाड्याच्या सायकलीला उजवा ब्रेक मागच्या चाकाचा असतो, तुमच्या सायकलीला उलट असेल तर पहिल्या उतारावर नाही, बहिणीच्या गल्लीत सराव करा.

लोकल गाड्यांत सायकल सहसा फुकट जाते. जागा मोजक्या असतात, काही गाड्यांना उन्हाळ्यात आरक्षण लागतं, तिकीट काढतानाच बघा. पॅरिसहून येणार असाल तर बेर्सी स्थानकावरून क्लेर्मोंची गाडी सुटते, तिच्यात सायकलची जागा आधी घ्यावी लागते.

हळूबाई

विम्याचं कुणीच बोललं नाही. व्हिसासाठीचा स्वस्त विमा सायकलवरच्या अपघाताला लागू आहे का ते वाचून घ्या, खेळ म्हणून काही कंपन्या वगळतात. दिवा आणि चमकणारं जॅकेटही ठेवा, गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात जॅकेट सक्तीचं आहे आणि काँतालला धुकं जूनमध्येही येतं. दुपारनंतर वादळ होतं कधीकधी, म्हणून खिंड सकाळी ओलांडलेली बरी. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, म्हणून उशिरा निघायचा मोह होईल.

दोनचाकी_पुणे

सकाळी सातला निघायचं मान्य. नवऱ्याला कोण उठवणार, त्याचा धागा वेगळा काढते.