मदत हवी आहे: नव्या बहुउद्देशीय भवनाचं पुन्हा मंगल कार्यालय होऊ नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी राहतो नागपुरात, पण गाव सावनेर रोडकडचं, तासाभराच्या अंतरावरचं. तिथे बहुउद्देशीय भवन बांधायचं ठरलंय आणि नागरिकांच्या समितीत माझंही नाव घातलंय. का, तर "तुम्ही नागपूरले राहता, तुम्हाला कळते." मला काही कळत नाही, म्हणून हा धागा.

गावात एक समाजभवन आहेच. उद्घाटनाच्या दिवशी त्यात टेबल टेनिसचं टेबल, दोन कॅरम आणि बॅडमिंटनचं नेट होतं. मागच्या दिवाळीत गेलो तर टेबलावर कॅटररचे गंज (मोठी पातेली) पालथे घातलेले आणि नेट खिडकीला बांधलेलं, कबुतरं आत येऊ नयेत म्हणून. (एवढ्या वर्षांत त्या नेटचा झालेला हा पहिला उपयोग.) भिंतीलगत फरशीला अशी भेग गेलीय की माझ्यासमोर एका पोट्ट्यानं तीत दहाचं नाणं उभं सरकवलं आणि ते दिसेनासं झालं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाया घालताना मात्र कोणाला आठवलं नसावं.

आता नवीन जागा आहे 60 मीटर बाय 45 मीटर. पहिल्या नकाशात 18 बाय 12 मीटरचा हॉल, छत सव्वाचार मीटरवर, शेजारी अभ्यासिका, मागे किचन, पुढे पार्किंग. बघून सगळे खूश. माझ्या भाच्यानं तेवढं विचारलं, "मामा, सव्वाचार मीटरमध्ये शटल उडवू कसं?" व्हॉलीबॉलच्या नियमात कोर्टच्या वर 7 मीटर मोकळं लागतं, बॅडमिंटनच्या स्पर्धांना 9 मीटर आणि पुढे. आपल्याला स्पर्धा भरवायच्या नाहीत हे मान्य, पण सव्वाचार मीटरवर टॉस मारला की शटल पंख्यात.

रुंदीचंही तेच. बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्ट 13.4 बाय 6.1 मीटर. दोन शेजारी घालून भोवती दोन-दोन मीटर सोडले तर हॉल 18 मीटरच्या वर रुंद हवा. तसा झाला तर पुरुषांचं 13 बाय 10 चं कबड्डीचं मैदानही आरामात बसतं, मॅट टाकली की झालं. पण उंच आणि रुंद म्हणजे स्लॅब परवडत नाही, लोखंडी सांगाडा आणि पत्रे आले. आणि पत्र्याखाली मे महिना! 2013 च्या मे मध्ये नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले होते. पत्र्याखाली इन्सुलेशन आणि वर गरगर फिरणारे व्हेंटिलेटर लावून खरंच फरक पडतो का? कोणी असा हॉल एप्रिल-मेमध्ये वापरला असेल तर तेवढं सांगा. डेझर्ट कूलर कोरड्या हवेत चालतात, पण समोरच्या बाजूनं हवा जायला वाट हवी, आणि जुलैत तर नुसता घाम.

गावात फिरून मी लोकांना विचारलं. पोलीस भरतीच्या पोरांना हॉल नकोच आहे. त्यांना 1600 मीटर पळायला आणि गोळा फेकायला जागा पाहिजे, सध्या ते पहाटे हायवेच्या कडेनं पळतात. मी हिशोब केला: कुंपणापासून दोन मीटर आत मुरमाची वाट काढली तर एक फेरी 190 मीटरच्या आसपास होते, म्हणजे साडेआठ फेऱ्यांत 1600. खर्च किरकोळ. पण पार्किंगचा प्लॅन मध्ये येतो आणि पार्किंग कोणी सोडायला तयार नाही. बायकांनी दोनच गोष्टी मागितल्या: वेगळं, आतून कडी लागणारं संडास-बाथरूम आणि संध्याकाळी चालायच्या वाटेवर दिवे. म्हाताऱ्यांना बाकं पाहिजेत, सावलीत. रॅम्प 1:12 उताराचा (बारा मीटर लांबीत एक मीटर चढ) असावा हे मी लावून धरलंय, कारण जुन्या भवनाचा रॅम्प इतका उभा आहे की त्यावरून कॅटररची हातगाडीसुद्धा दोघांनी ढकलावी लागते.

खरा घोळ लग्नांचा. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच. म्हणजे पोरांना हॉल सगळ्यात जास्त लागतो, नेमका तेव्हाच तो बुक. लग्न, साखरपुडा, बारसं, तेरवी बंद करा म्हटलं की लगेच विचारतात, "मंग लाइट बिल कोण भरन?" प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नाही. महिन्याला ठरावीक दिवसच कार्यक्रमांना द्यायचे, असा नियम कुठे टिकलाय का? की पहिल्याच वर्षी ओळखीनं मोडतो? आणि अभ्यासिका हॉलला चिकटून असावी का? रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम आहेच, पण दहापर्यंत डीजे वाजला तर एमपीएससीवाल्यांनी काय करावं?

प्रतिसाद

आमच्या लेआउटच्या हॉलचं काम मी दोन वर्षं पाहिलंय, त्यावरून सांगतो. आधी सॉइल टेस्ट, मग नकाशा. काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल घेतात, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, ते खाली फुगीर असतात, त्यामुळे माती हलली तरी इमारत हलत नाही. इथे पैसे वाचवू नका.

लग्नं थांबवता येणार नाहीत, पंगत थांबवा. स्वयंपाकाची शेड आणि पंगतीचा ओटा रस्त्याकडे, हॉलच्या बाहेर बांधा. हॉलला किचनचा दरवाजा ठेवलात की गंज आत आलेच म्हणून समजा. आम्ही ठेवला होता. अभ्यासिकेला वेगळं दार, वेगळं मीटर, वेगळी किल्ली. भाड्याचा तक्ता आणि पोरांचे राखीव दिवस फीत कापायच्या आधी ठरावात घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. नगरसेवकाच्या घरचं कार्य असलं तरी पावती फाडायची, हेही त्यातच लिहा.

धागाकर्ता

धन्यवाद. किचन बाहेर काढायचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते बाहेर गेलं की पळायच्या वाटेला मागच्या बाजूनं जागाही मिळते. बैठक येत्या बुधवारी आहे. पावतीचा मुद्दा कसा मांडू ते बघतो, समोर बसलेल्यांपैकी दोघांच्या घरी यंदा लग्न आहे.

पत्र्याखालच्या उन्हाळ्याचं कोणाला ठाऊक असेल तर मात्र अजून सांगा. नकाशा बघायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोटो पाठवतो.