बारा दिवसांच्या बॅलेसाठी ५,३१० रुपये : आपण पालकांनी हे देत राहावे का?

चर्चेचा प्रस्ताव : एक आई, जळगाव

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि सलग तिसऱ्या मे महिन्यात ती शहरातल्या एका सभागृहात भरणाऱ्या बॅलेच्या उन्हाळी वर्गाला जाऊन आली. पहिल्या वर्षी पंधरा दिवसांचे २,२०० रुपये घेतले, दुसऱ्या वर्षी ३,२०० झाले आणि यंदा दिवस बारावर आणून ४,५०० रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५,३१० रुपये आकारले. कापडी बूट ९५०, अंगाबरोबर बसणारा पोशाख १,४०० आणि शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी सक्तीचा झालरीचा झगा १,८०० रुपये हे वेगळेच. बेरीज ९,४६० होते. पाय वाढत असल्यामुळे गेल्या वर्षीचे बूट यंदा चालत नाहीत, आणि तो झगा तर एकदा अंगात घालून कपाटात जातो.

खर्चापेक्षाही मला खुपते ते असे की दरवर्षी वर्ग पहिल्या पायरीवरच सुरू होतो. टाचा जुळवून उभे राहायचे, गुडघे बाहेरच्या दिशेला वाकवून ‘प्लिए’ करायचे, पाऊल जमिनीवरून सरकवत ‘तांद्यू’ करायचे, हे तिने तीन वेळा शिकून झाले आहे. तिन्ही प्रमाणपत्रांवर ‘प्राथमिक’ हा एकच शब्द आहे. माझ्या अमळनेरच्या सासूबाई कार्यक्रम पाहून म्हणाल्या, “हाऊ काय नाच शे?” आणि त्यावर मला उत्तर देता आले नाही. हे शुल्क वाजवी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कारणासह सांगावे.

प्रतिसाद : रेल्वे कर्मचारी, भुसावळ

ताई, आपली तक्रार मला पटत नाही. आठवीच्या मुलाला स्पर्धा परीक्षेच्या ‘फाउंडेशन’ वर्गात घालताना आपल्याकडचे पालक वर्षाला कितीतरी हजार रुपये निमूटपणे भरतात, आणि मुलगा दुसऱ्या वर्षी तेच धडे गिरवतो तेव्हा त्याला ‘उजळणी’ म्हणतात. मुलीने नाच शिकायचा म्हटले की मात्र रुपयान्‌रुपयाचा हिशेब सुरू होतो.

दिल्लीच्या ई-रिक्षाचालकाचा मुलगा कमल सिंग २०२० मध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये शिकायला गेला. नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह याला लंडनच्याच रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. ही मुले काही राजवाड्यात जन्मलेली नव्हती. खानदेशातल्या मुलांनी निदान दार कुठे आहे एवढे तरी पाहावे, आणि त्यासाठी वर्षातून एकदा पाच हजार रुपये ही रक्कम मला जड वाटत नाही. माझे दोन्ही मुलगे याच वर्गाला जातात आणि त्यांना हसणाऱ्या शेजाऱ्यांची मला पर्वा नाही.

प्रतिसाद : भरतनाट्यम शिक्षिका, धुळे

भाऊ, मुलग्यांना बॅलेला पाठवता याबद्दल आपले मनापासून कौतुक आहे. पण आपण दिलेली दोन्ही उदाहरणे आपल्याच म्हणण्याच्या विरोधात जातात. कमल सिंगला दिल्लीत फर्नांडो आगिलेरा यांनी आणि अमिरुद्दीनला मुंबईत येहुदा माओर यांनी फी न घेता, रोजच्या रोज, वर्षानुवर्षे शिकवले. लंडनच्या खर्चासाठी कमलला लोकवर्गणी उभारावी लागली. यात बारा दिवसांचा वर्ग कुठेच येत नाही.

मी महिन्याला सहाशे रुपये घेते आणि आठवड्यातून तीन दिवस शिकवते. आमच्याकडे अरमंडीत, म्हणजे गुडघे बाजूला वाकवून अर्धे बसण्याच्या मूळ स्थितीत, बसायला आलेल्या मुलीला पहिले सहा महिने मी फारसे दुसरे काही देत नाही, कारण मांडी खुब्यातून उघडण्याऐवजी ती गुडघा पिळून पाऊल बाहेर काढते. बॅलेतही पाय खुब्यातूनच उघडावा लागतो, तेव्हा अडचण तीच येते. बारा दिवसांत कोणत्या मुलीचा गुडघा पिळतो आहे हे मुंबईहून आलेल्या शिक्षिकेच्या लक्षात येईपर्यंत तिची परतीची गाडी आलेली असते.

शिवाय हिशेब तासांचा करावा. रोज एक तास याप्रमाणे बारा तास होतात. त्यांतले शेवटचे चार कार्यक्रमाच्या तालमीत जातात आणि पहिला ओळख, मापे व छायाचित्रे यांत जातो, हे माझ्याच एका विद्यार्थिनीने सांगितले आहे. उरले सात तास. ५,३१० भागिले सात, म्हणजे तासाला सुमारे ७६० रुपये.

प्रतिसाद : या वर्गाची स्थानिक संयोजक, जळगाव

ज्या वर्गाबद्दल चर्चा चालू आहे तो मीच भरवते, त्यामुळे गप्प बसणे योग्य होणार नाही. मुंबईची संस्था शिक्षिका पाठवते आणि पावती देते; बाकीची जुळवाजुळव माझी असते. यंदाचा हिशेब उघडपणे देते.

मुले चोवीस होती, म्हणजे कर वगळून १,०८,००० रुपये जमले. सभागृहाचे भाडे, मोठे कूलर धरून, दिवसाला २,५०० प्रमाणे ३०,००० झाले. शिक्षिकेचे मानधन ३६,००० आणि तिचे राहणे-जेवण १८,००० रुपये झाले. मुंबई इथून सुमारे ४२० किलोमीटर. तिचा आणि सामानाचा प्रवास ३,५०० रुपयांचा झाला. लाकडी फळ्यांचा तळ आणि त्यावर अंथरायची व्हिनाइलची पट्टी भाड्याने आणणे व पोहोचवणे यांचे ११,५०० रुपये गेले. एकूण ९९,००० झाले. उरलेल्या नऊ हजारांत संस्थेचा वाटा, प्रमाणपत्रे, फलक आणि माझे बारा दिवस.

दोन वर्षांपूर्वी शुल्क २,२०० होते तेव्हा एक्केचाळीस मुले होती आणि ती पट्टीही नव्हती. सभागृहाच्या गुळगुळीत फरशीवर उड्या मारून दोन मुलींच्या नडग्या इतक्या दुखावल्या की त्यांनी वर्ग सोडला. त्यानंतर मी तळ आणायला लागले. त्या खर्चापायी शुल्क वाढले, शुल्क वाढल्यावर मुले घटली, आणि मुले घटली की तेच भाडे कमी डोक्यांवर वाटले जाते. हे चक्र मलाही दिसते. ते कुठे तोडावे, हे मात्र सुचत नाही. झग्याचे पैसे शिंपी घेतो. त्यात माझी एक दमडीही नाही.

प्रतिसाद : कर सल्लागार, धुळे

करापुरते थोडक्यात सांगतो. कला किंवा संस्कृतीशी संबंधित छंदवर्गांना पूर्वी सरसकट जीएसटीची सूट होती. १८ जुलै २०२२ पासून ती एकट्या व्यक्तीने दिलेल्या शिकवणीपुरती राहिली. संस्था शिकवत असेल आणि तिची नोंदणी असेल तर अठरा टक्के लागतात. म्हणून धुळ्याच्या ताईंच्या सहाशे रुपयांवर कर नाही आणि जळगावच्या ४,५०० रुपयांवर ८१० रुपये आहेत. त्याच शिक्षिकेने स्वतःच्या नावावर वर्ग घेतला, तर हे ८१० वाचू शकतात. मात्र मग तिचे मानधन संस्थेमार्फत आणि पावती तिच्या नावाने अशी सरमिसळ करता येणार नाही.

प्रतिसाद : फिजिओथेरपिस्ट, जळगाव

संयोजक ताईंनी तळासाठी घातलेले ११,५०० रुपये मला या सगळ्या हिशेबातला सर्वांत योग्य खर्च वाटतो. काँक्रीटवर बसवलेली फरशी उडीचा धक्का शोषून घेत नाही. तो घोटा, नडगी आणि गुडघा यांच्याकडेच परत येतो. जिथे शुल्क कमी आहे तिथे पालकांनी पहिल्यांदा चप्पल काढून जमिनीवर उभे राहून पाहावे.

दुसरे सांगायचे ते टोकाच्या बुटांबद्दल. चवड्याच्या टोकावर उभे राहण्याचे कडक बूट साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी आणि काही वर्षांच्या नियमित सरावावाचून घालायचे नसतात, कारण पावलाची हाडे अजून पक्की व्हायची असतात. मागच्या महिन्यात एक आई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. छायाचित्र चांगले यावे म्हणून ऑनलाइन मागवलेले बूट तिने मुलीला घरीच घातले होते. अंगठ्याचे नख काळे पडले होते. यात वर्गाचा दोष नव्हता, पण वर्गात पहिल्याच दिवशी हे सांगितले असते तर बरे झाले असते.

प्रतिसाद : केळी उत्पादक, रावेर

आम्ही रावेरहून रोज मुलीला जळगावला आणले. बारा दिवसांचे डिझेल शुल्काहून जास्त झाले. दुपारी पंचेचाळीस अंशांत गाडी सावलीला लावून तासभर थांबायचे आणि परत फिरायचे. तरीही पुढच्या वर्षी आणीन, कारण आमच्या गावात मुलींना शाळेच्या स्नेहसंमेलनाखेरीज नाचायला जागा नाही. धुळ्याच्या ताई, सहाशे रुपयांत आठवड्याला तीन दिवस शिकवणारे कोणी रावेरला येणार असेल, तर मी बॅलेचा हट्ट आजच सोडतो. येत नाही, म्हणून बारा दिवस पत्करतो.

प्रतिसाद : भरतनाट्यम शिक्षिका, धुळे

दादा, आपल्या म्हणण्यापुढे मी निरुत्तर आहे. रावेरला मी येऊ शकत नाही. पण माझा आक्षेप बॅलेवर नाही, ‘प्रमाणपत्र’ या शब्दावर आहे. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स १९२० पासून आहे आणि तिच्या परीक्षा आठव्या श्रेणीपर्यंत पायरीपायरीने चढत जातात. आपल्याकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही प्रारंभिकपासून विशारदपर्यंत तशाच पायऱ्यांनी जातात. बारा दिवसांनी मिळणारा कागद यांपैकी कशाचीच पायरी नाही, हे पालकांना पैसे घेण्याआधी सांगायला हवे. नुसते ‘बॅलेची ओळख’ असे लिहिले, तर माझी काहीच हरकत उरणार नाही.

प्रतिसाद : रेल्वे कर्मचारी, भुसावळ

कागदाचे म्हणणे मान्य आहे. तासाला ७६० रुपयांचे मात्र अजूनही मान्य नाही. तालीम हेही शिक्षणच असते; माझा धाकटा स्टेजवर जाण्याआधी दिवसभर जेवला नाही आणि उतरल्यावर त्याने दोन ताटे संपवली, हे त्या सात तासांत कुठे मोजायचे?

प्रस्तावकाचे उत्तर : एक आई, जळगाव

संयोजक ताई, आपण हिशेब मांडला याबद्दल आभार. शुल्क अवाजवी आहे हे माझे विधान मी मागे घेते. नऊ हजारांत कोणी श्रीमंत होत नाही. झग्याची सक्ती मात्र काढावी. तोच अंगाबरोबरचा पोशाख आणि घरची ओढणी एवढ्यावर कार्यक्रम होऊ शकतो, आणि तालमीचे चार दिवस दोनवर आणले तर मुलांच्या पदरात आणखी दोन तास पडतील.

माझे मूळ दुखणे अजून तसेच आहे. वर्ग मे महिन्यात संपतो आणि पुढचे साडेअकरा महिने मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्याला एक हात टेकून, मोबाइलवर पियानो लावून, तेच प्लिए करत राहते. गुडघा बरोबर जातो आहे की नाही हे मला कळत नाही, आणि धुळ्याच्या ताईंचे वाचल्यापासून मी रोज तिच्या गुडघ्यांकडेच पाहते आहे. मे महिन्यात पुन्हा ‘पहिले पाऊल’ शिकवण्याऐवजी दिवाळीच्या सुटीत, आधी येऊन गेलेल्यांसाठीच, मे जिथे थांबला तिथून पुढचे सहा दिवस घेता येतील का? त्या वेळी कूलरचे भाडेही लागणार नाही.

प्रतिसाद : संयोजक, जळगाव

शिक्षिकेला आजच विचारले. ती स्वतःच्या नावावर, कराशिवाय, सहा दिवस यायला तयार आहे. तळ आणि पट्टी धरून २,४०० रुपयांत जमेल, पण सोळा मुले हवीत. त्याहून कमी असतील तर मला खिशातून भरावे लागेल आणि ते मी करणार नाही. झगा नाही, कार्यक्रम नाही, प्रमाणपत्र नाही. टोकाच्या बुटांबद्दलची सूचना पहिल्या दिवशी लेखी देईन. नावे नवरात्रापर्यंत कळवावीत.

प्रतिसाद : केळी उत्पादक, रावेर

माझी एक धरा.

प्रतिसाद : रेल्वे कर्मचारी, भुसावळ

दोन्ही मुलगे.

प्रतिसाद : एक आई, जळगाव

माझी मुलगी धरून चार झाली. अजून बारा हवीत.