खादर, भांगर, भाबर, तराई यांना मराठीत काय म्हणतात?

प्रश्न : मुलीच्या भूगोलात उत्तर भारतीय मैदानाचा धडा आहे. खादर म्हणजे नवा गाळ, भांगर म्हणजे जुना गाळ एवढंच लिहिलंय. मराठी शब्द आहेत का यांना? भाबर, तराई पण त्यातलेच का?

उत्तर : ताई, नवा-जुना यावर थांबू नका, पुराचं पाणी पोचतं का ते बघा. खादर म्हणजे नदीलगतची सखल पट्टी, पूर आला की बुडते आणि पाणी उतरलं की वर ताज्या गाळाचा थर. भांगर त्याहून उंचावर, तिथवर पूर सहसा चढत नाही, माती जुनी, खणलं की चुन्याचे कंकर लागतात. दिल्लीत यमुनेकाठी मदनपूर खादर नावाची वस्तीच आहे. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी समुद्रसपाटीपासून २०८.६६ मीटरपर्यंत चढली तेव्हा नदीपात्रालगतच्या शेतकऱ्यांना रस्त्याकडेला तंबू टाकून राहावं लागलं, खादर म्हणजे काय ते तिथं कळतं. आपल्या कृष्णाकाठी अशा जमिनीला मळी म्हणतात, मळीतली वांगी प्रसिद्धच आहेत. मला खादरसाठी हाच शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. भांगरला तसा नेमका शब्द नाही, तो तसाच ठेवावा.

आता बाकीचे दोन. हे अख्खं मैदान मुळात खोलगट होतं, भारताचा भूखंड साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, हिमालय वर आला आणि त्याच्या भाराने पायथ्याची जमीन खाली वाकली, मग सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्यांनी गाळ आणून आणून ती भरली, कित्येक ठिकाणी हजार-दोन हजार मीटर जाडीचा गाळ आहे! डोंगर उतरल्यावर नदीचा जोर मोडतो आणि दगडगोटे आधी पडतात, तो भाबर, ८ ते १६ किलोमीटर रुंद. लहान ओढे त्या गोट्यांत मुरून दिसेनासे होतात आणि तेच पाणी खाली तराईत वर येतं, म्हणून तराई दलदलीची. त्यापुढे उतार जवळपास नाहीच, अंबाल्यापासून सुंदरबनपर्यंत १८०० किलोमीटरात जेमतेम ३०० मीटर.

आणखी एक शंका : खादरला गाळपेर म्हटलं तर?

उत्तर : नको दादा. धरणाचं किंवा तलावाचं पाणी ओसरल्यावर जी जमीन पेरतात ती गाळपेर. खादर मात्र नदीकाठचं. आणि नदी कायम एका जागी थोडीच राहते, बिहारमधली कोसी नदी अडीचशे वर्षांत शंभरेक किलोमीटर पश्चिमेला सरकली आणि २००८ मध्ये नेपाळात कुसहाला बांध फुटल्यावर पुन्हा जुन्या पात्रांकडे वळली. तिथे आजचं खादर उद्या नदीचं पात्र होऊ शकतं.

अजून एक : दुआबला, म्हणजे दोन नद्यांमधल्या जमिनीला, काय म्हणावं?

उत्तर : त्याला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, अंतर्वेद. गंगा-यमुनेमधला मुलूख. पेशवेकाळातल्या पत्रांत हाच येतो, पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेले तिथूनच वसूल गोळा करायचे. पुस्तकात बिनधास्त वापरावा.