कुतला कैद झालेले पणजोबा आणि देवघरातील तबकडी : माहिती हवी आहे

पणतू, सोलापूर

नमस्कार. मी सोलापूर शहरात राहतो. आमचे मूळ गाव मंगळवेढे तालुक्यात आहे. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून इराकात गेले आणि परत आले नाहीत. "कुतला तुरकांनी धरून नेलं, पुढे पत्ता नाही," (कुत हे इराकातले गाव) एवढेच घरात तीन पिढ्या सांगितले गेले. शेजारच्या गावचा त्यांचा एक जोडीदार लढाई संपल्यावर परत आला होता. पणजोबांना पाय सुजलेल्या अवस्थेत चालताना पाहिले आणि शेवटची गाठ 'रासलेणा'त पडली, असे त्याने पणजीला सांगितले. ही कुठली तरी डोंगरातली लेणी असावीत आणि तिथे कैद्यांकडून दगड फोडून घेत असावेत, अशी आमच्या घरची समजूत आहे.

बारा वर्षे उलटल्यावर भावकीने पणजीला पलाशविधी (देहाच्या जागी पळसाचा पुतळा करून केलेला अंत्यविधी) करून मोकळे होण्याविषयी पुष्कळ सांगितले. तिने ते ऐकले नाही. ज्याचे कलेवर कोणी पाहिले नाही त्याचे दिवस मी घालणार नाही, असे तिचे म्हणणे होते आणि ती शेवटपर्यंत कुंकू लावत होती.

घरात आज तीन वस्तू उरल्या आहेत. पहिली म्हणजे बसऱ्याहून आलेले मोडीतले एक पत्र, जे आमच्यापैकी कोणालाही वाचता येत नाही. दुसरी, कडेवर इंग्रजी अक्षरे कोरलेले पितळी रंगाचे पदक. त्यावर त्यांचा नंबर, नाव आणि ११०व्या मराठा पलटणीचा उल्लेख आहे. (रुप्याचेही एक पदक होते, ते १९७२ च्या दुष्काळात मोडले.) तिसरी वस्तू देवघरात आहे : तळहाताहून थोडी मोठी, जड, गोल तबकडी, जिच्यावर सिंहाजवळ उभी असलेली देवी आहे. पणजी तिला रोज हळदकुंकू वाही, पुढे आजीने वाहिले आणि आता आई वाहते. कडेची अक्षरे कुंकवाने पूर्ण बुजली आहेत.

ही तबकडी नेमकी कसली आहे? पणजोबा कैदेत वारले की केवळ बेपत्ता म्हणून नोंदले गेले, हे आज कळू शकेल का? त्यांचे श्राद्ध कोणत्या तिथीला करावे, हाही प्रश्न आईच्या मनात आहे.

इतिहासाचा अभ्यासक

आपण दिलेल्या वर्णनावरून तबकडीविषयी मला फारशी शंका उरलेली नाही आणि म्हणूनच हे थोडे जपून लिहितो. ती देवी नसून ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री आहे. महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या जवळच्या नातलगांना सरकारने अशी कांस्याची तबकडी युद्धानंतर पाठवली. तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो, डाव्या-उजव्या बाजूंना दोन डॉल्फिन मासे असतात आणि तळाशी गरुडावर तुटून पडलेला एक लहान सिंह असतो. त्यावर हुद्दा न घालता केवळ नाव घातलेले असते, कारण मरणात शिपाई आणि अधिकारी असा भेद राहू नये असे ठरले होते. एका आयताकृती चौकटीत आपल्या पणजोबांचे नाव आढळेल. अक्षरे पाहण्यासाठी चिंच किंवा पितांबरी लावू नका, त्याने धातूवरची जुनी झाक कायमची जाते. ओल्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसले तरी पुरेल.

आपल्या पणजीच्या हाती आलेली ही तबकडी म्हणजे सरकारने धाडलेली मरणाची खबर होती. मात्र मरण कोणी पाहिले होते, एवढे तिच्यावरून सिद्ध होत नाही. जे कैदेतून परतले नाहीत आणि ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, त्यांना काही काळाने मृत मानले गेले आणि त्यांच्या घरीही अशाच तबकड्या गेल्या. कलेवर कोणी पाहिले नाही, हे पणजीचे म्हणणे त्यामुळे खोडून काढता येत नाही.

आता कुतविषयी. हिंदी फौजेच्या, पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ६व्या डिव्हिजनने नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनपर्यंत धडक मारली. तिथून माघार घेऊन ती तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत अल-अमारा या गावात शिरली. ७ डिसेंबर १९१५ रोजी पडलेला तुर्कांचा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात अडकल्या होत्या. शेवटी घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली, तेव्हा धर्माच्या कारणाने हिंदी शिपायांनी ते बरेच दिवस नाकारले. त्यांच्यात स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) पसरली आणि शरणागतीच्या वेळी पुष्कळांना धड उभे राहवत नव्हते. २९ एप्रिल १९१६ रोजी, म्हणजे चैत्राच्या वद्य पक्षात, डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेले आणि सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांतील हजाराहून अधिक आजारी व जखमी माणसांची अदलाबदल होऊन ती तेव्हाच सुटली. उरलेल्यांना आधी नदीकाठच्या शुमरान छावणीत ठेवले आणि मग बगदादला नेले. बगदादपासून सामऱ्यापर्यंत आगगाडी होती. पुढे तिक्रित, मोसुल, नुसैबिन हे शेकडो मैल त्यांना उन्हाळ्यात पायी काढावे लागले.

ही वाट संपते तिथे रास अल-ऐन आहे. आपल्या घरी जपलेले 'रासलेण' ते हेच, असे मला खात्रीने वाटते. आज हे गाव सीरियात, तुर्कस्तानच्या सीमेला लागून आहे. बगदाद रेल्वेचे रूळ तेव्हा तिथवर पोचले होते आणि पुढच्या कामासाठी हिंदी कैद्यांना प्रामुख्याने तिथे ठेवले होते. एका निरक्षर माणसाने ऐकलेले अरबी नाव मंगळवेढ्याच्या एका घरात शंभर वर्षे जवळजवळ जसेच्या तसे राहिले, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. आपल्या पणजोबांनी वेढा सोसला, ती पायपीटही पार केली आणि ते रुळांच्या कामापर्यंत जिवंत पोचले, एवढे त्या जोडीदाराच्या साक्षीवरून धरता येते.

माजी सुभेदार

वरील माहितीला थोडी जोड देतो. मराठा पलटण म्हटले की सगळे बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहितात. तिथे जरूर लिहावे. पण ११०वी पलटण १९२२ च्या फेररचनेत ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली आणि स्वातंत्र्यानंतर तीच पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आजची २ पॅरा ती हीच. त्यामुळे पलटणीच्या जुन्या कागदांविषयी बंगळूरच्या पॅराशूट रेजिमेंटच्या सेंटरलाही विचारावे. पत्रात नावाआधी नंबर लिहावा. त्या काळी एका कंपनीत एकाच नावाचे चार-चार शिपाई असत, नंबर मात्र एकट्याचा असे. आपल्या हातातला सर्वांत मोठा पुरावा पदकाच्या कडेवर आहे.

दुसरी गोष्ट नोंदींची. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या) यादीत शोधताना सोलापूर न घालता त्या काळच्या स्पेलिंगने 'शोलापूर' घालावे. आपल्या बाबतीत तेही कदाचित चालणार नाही, कारण मंगळवेढे तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हते; तो सांगली संस्थानाचा तालुका होता आणि विलीनीकरणानंतर सोलापूर जिल्ह्यात आला. वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि सांगली असा शोध घ्यावा. शिंदे, पवार, चव्हाण ही आडनावे कारकुनांनी कानाला येतील तशी लिहिली आहेत, म्हणून चार-पाच प्रकारे प्रयत्न करावा लागेल.

ज्यांची कबर सापडली नाही अशा इराक आघाडीवरच्या ४० हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याला आहे. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, पण हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या कोरली; शिपायांची नावे वहीत राहिली. कमिशनने २०२१ च्या आपल्या अहवालात हा दुजाभाव मान्य केला. मला व्यक्तिशः ही गोष्ट आजही सहन होत नाही. अनातोलियात पुरलेल्या काही कैद्यांचे अवशेष बगदादच्या नॉर्थ गेट कब्रस्तानात आणले गेले. पण दहन झालेल्या किंवा वाटेवर पडलेल्या हिंदू शिपायाची कबर मिळण्याची आशा धरू नये.

जिनिव्हाच्या रेडक्रॉसने त्या युद्धातील कैद्यांची पत्रके आता संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. तीही पाहावीत.

मोडीवाचक

पत्राच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो पाठवल्यास मी लिप्यंतर करून देईन. मजकूर पलटणीतल्या लेखनिकाच्या हातचा असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून सुरुवातीच्या ठरावीक मायन्यावर अडून राहू नका. शेवटी कोणाकोणाला नमस्कार सांगितला आहे आणि कोणत्या जोडीदारांची नावे आली आहेत, ते महत्त्वाचे. परत आलेल्या त्या गृहस्थांचे नाव तिथे सापडले, तर त्यांच्याही नोंदी शोधता येतील.

तिथीविषयी : मृत्युतिथी अज्ञात असल्यास सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध करण्याची रीत आहे आणि त्यात काही उणे नाही. शरणागतीचा दिवस मात्र मृत्युदिन म्हणून धरू नये, कारण रास अल-ऐनची साक्ष खरी मानली तर त्या दिवशी ते हयात होते.

पणतू, सोलापूर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रविवारी आईच्या परवानगीने तबकडी देवघरातून बाहेर काढली. कुंकवाचा थर दगडासारखा झाला होता, म्हणून ओले फडके अर्धा तास त्यावर ठेवून दिले. ब्रिटानियाच्या हाताखालच्या चौकटीतले पहिले अक्षर दिसले, तेव्हा आईनेच फडके हातात घेतले आणि बाकीचे तिने पुसले. पणजोबांचे नाव आहे. एका अक्षराची चूक आहे, पण पदकाच्या कडेवरही नेमकी तीच चूक आहे.

आपण लिहिलेले मी तिला सगळे वाचून दाखवले. पणजीला यातले काही माहीत होते का, असे तिने विचारले. टपाल घेऊन आलेल्या माणसाने काही सांगितले असेल किंवा नसेल, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मग तिने तबकडी पुन्हा जागेवर ठेवली, देवीच्या कपाळावर बोटाने कुंकू लावले आणि नावाची चौकट तेवढी मोकळी ठेवली.

सर्वपित्रीला पान वाढायचे ठरले आहे. पत्राचे फोटो आज रात्री पाठवतो. मागच्या बाजूला कोपऱ्यात फिकट झालेल्या दोन ओळी आहेत, त्या कृपया आधी पाहाव्यात.