मदत हवी आहे: घर घेणाऱ्यांच्या बाजूने काम करणाऱ्या तरुण एजंटांची संघटना टिकवायची कशी?

कोलशेतकर

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबईत फक्त घर घेणाऱ्याच्या बाजूने काम करणाऱ्या, पस्तिशीच्या आतल्या एजंटांची आमची एक संघटना आहे. गेल्या दिवाळीपासून अध्यक्षपद माझ्याकडे आहे. सभासद ४३ आहेत आणि मागच्या तीन बैठकांना अनुक्रमे १४, ११ आणि ९ जण आले. जे येत नाहीत तेच ग्रुपवर दिवसभर बोलत असतात. बैठकीला माणसे यावीत आणि पुढच्या वर्षी त्यांनी वर्गणी पुन्हा भरावी यासाठी नेमके काय करावे, एवढाच माझा प्रश्न आहे. येत्या रविवारी बैठक आहे. त्यात काही ठरले नाही तर संघटना फुटेल अशी चिन्हे आहेत. त्यामुळे ज्यांनी एखादी संघटना प्रत्यक्ष चालवली आहे, त्यांनीच शक्यतो लिहावे.

पामबीच

नेरुळमध्ये वास्तुविशारदांचा एक अभ्यासगट मी अकरा वर्षे चालवला आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. बैठकीत हिशेब आणि अहवाल वाचत बसलात तर दुसऱ्या वेळी कोणी येत नाही. प्रत्येक बैठकीत एकच कागद घ्यावा आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. एकदा बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, एकदा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), एकदा विक्री कराराचा मसुदा. आमच्याकडे एका संध्याकाळी केवळ एका मंजूर नकाशावर अडीच तास चर्चा झाली होती आणि त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या होत्या. ज्ञान मिळते तिथे माणूस येतोच, असे माझे ठाम मत आहे.

मधुरा_ऐरोली

मी स्वतः आठ वर्षे या व्यवसायात आहे. उत्तर देण्याआधी काही गोष्टी समजायला हव्यात, कारण तुम्ही त्या लिहिलेल्याच नाहीत. बैठक कुठे आणि किती वाजता असते? संघटना नोंदणीकृत आहे का? ४३ पैकी किती जणांकडे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘घर घेणाऱ्याच्या बाजूने’ असे म्हणता तेव्हा तुमच्या सभासदांना पैसे कोण देते?

कोलशेतकर

बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ११ वाजता ठाणे स्टेशनजवळच्या एका सभागृहात असते. महारेरा क्रमांक २६ जणांकडे आहे. बाकीचे जुन्या सोसायट्यांमधले रीसेल करतात. संघटनेच्या नोंदणीचा इथे काही संबंध नाही. पैसे बहुतेक वेळा ग्राहक देतो, नवीन प्रकल्पात बिल्डर देतो. सगळीकडे असेच चालते. कृपया बैठकीच्या उपस्थितीबद्दल सांगा.

मधुरा_ऐरोली

उपस्थितीबद्दलच सांगते. रविवारी सकाळी ११ वाजता एजंट कुठे असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नोकरी करणाऱ्या कुटुंबाला घर पाहायला तोच एक दिवस मिळतो. तुम्ही सभासदाला कमाईची वेळ सोडून यायला सांगता, आणि खारघरच्या मुलाला तर त्यासाठी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्यापर्यंत येऊन परत जावे लागते. बैठक बुधवारी दुपारी तीनला ऐरोलीत घ्या. नवी मुंबईकडच्यांना अंतर थोडे कमी पडेल आणि त्या वेळी ग्राहक कार्यालयात असतो.

हे मात्र वरवरचे झाले. ‘नवीन प्रकल्पात बिल्डर देतो’ हे वाक्य तुम्ही ज्या सहजतेने लिहिले आहे, खरी अडचण तिथे आहे असे मला वाटते. घोडबंदर रोडवरच्या कोणत्याही साइट कार्यालयात ग्राहकाला घेऊन गेलात की स्वागतकक्षात आधी एक फॉर्म पुढे येतो. त्यावर ग्राहकाचे नाव, मोबाइलचे शेवटचे काही आकडे आणि ‘सोर्स’ असा रकाना असतो. त्या रकान्यात तुमचा शिक्का उमटला की ग्राहक तुमच्या नावावर टॅग होतो आणि बुकिंग झाले की पेआउट, म्हणजे बिल्डरचे कमिशन, तुमचा. ग्राहक शेजारी सोफ्यावर बसून सरबत पीत असतो आणि आपल्या माणसाचा शिक्का कशावर उमटतो आहे, हे त्याला ठाऊक नसते. तो शिक्का मारणारा एजंट नंतर त्याच ग्राहकासाठी दर कमी करून घ्यायला त्याच टेबलावर बसणार असेल, तर तो नेमका कोणाचा माणूस?

घोडबंदर_९५

मॅडमचे म्हणणे मला मान्य नाही. मी २५ वर्षांपेक्षा जास्त काळ हे काम करतो आहे आणि चॅनल पार्टनर (बिल्डरची घरे कमिशनवर विकून देणारा) म्हणून घेतलेल्या पैशाची मला कधी लाज वाटली नाही. ग्राहक एकटा गेला तरी बिल्डर त्याला तोच भाव सांगतो, मग एजंटने मेहनताना बिल्डरकडून घेतला तर ग्राहकाचा एक टक्का वाचतोच की. तरुण मुलांनी फक्त ग्राहकाकडून फी घ्यायची ठरवली तर सहा महिन्यांत त्यांच्या घरचे हप्ते थकतील. कोलशेतकर, अशा तात्त्विक वादात पडू नका. वर्षातून एकदा जोरदार स्नेहसंमेलन करा, जास्त बुकिंग करणाऱ्यांचा सत्कार करा आणि पाहा, ४३ चे १४३ होतात की नाही.

मधुरा_ऐरोली

पैसे घेण्याला माझा विरोध नाही, न सांगता घेण्याला आहे. आणि ‘तोच भाव’ हेही पूर्ण खरे नाही. महिन्याला ठरावीक बुकिंग झाली की पेआउटचा स्लॅब, म्हणजे दराचा टप्पा, वाढतो. त्या स्लॅबला एक बुकिंग कमी पडत असताना एजंट ग्राहकाला शेजारचा, त्याच्या गरजेला जास्त योग्य असलेला प्रकल्प दाखवेल का, याचे उत्तर तुम्ही प्रामाणिकपणे द्यावे.

खारघर_सेक्टर१२

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. वडिलांच्या नावावरचा सिडकोच्या जमिनीवरचा फ्लॅट विकायचा आहे. हस्तांतरण शुल्क विकणाऱ्याने भरायचे की घेणाऱ्याने? तुमच्या संघटनेतला कोणी हे काम करतो का?

निवृत्त_वकील_नौपाडा

खारघरकर, भाडेपट्ट्याच्या जमिनीमुळे सिडकोची परवानगी लागते का, हे तुमच्या सोसायटीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही आणि शुल्काची वाटणी दोन्ही पक्षांच्या करारावर अवलंबून असते. यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

मूळ प्रश्नाकडे येतो. भारतीय करार कायदा १८७२ मधील कलमे २१५ आणि २१६ अध्यक्षांनी एकदा शांतपणे वाचावीत. अभिकर्त्याने, म्हणजे एजंटने, मालकाला न कळवता त्याच कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर मालकाला तो व्यवहार नाकारण्याचा किंवा त्यातून झालेला लाभ मागण्याचा अधिकार कोणत्या परिस्थितीत मिळतो, ते त्यात सांगितले आहे. येथे मालक म्हणजे तुमचा ग्राहक. शिवाय रेरा कायदा २०१६ च्या कलम १० प्रमाणे, बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदपत्रांचा हक्क आहे ती त्याला मिळवून देणे हे एजंटचे कर्तव्य आहे. राहिलेले १७ सभासद जुन्या इमारतींचे रीसेल करतात तोपर्यंत ठीक आहे. मात्र त्यांच्यापैकी कोणी महारेरा नोंदणीकृत प्रकल्पातले एखादे घर विकून दिले, तर नोंदणी सक्तीची करणाऱ्या कलम ९ चा भंग होतो आणि कलम ६२ प्रमाणे दररोज १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. त्या वेळी वर्तमानपत्रात सभासदाच्या नावाबरोबर संघटनेचेही नाव येईल.

पामबीच

अमेरिकेचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. तिथे घेणाऱ्याचा एजंट हा रूढ प्रकार आहे, पण त्याचे कमिशन वर्षानुवर्षे विकणाऱ्याच्या एजंटकडून वाटून येत असे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी मिसुरीतील ज्युरीने त्याविरुद्ध निकाल दिला आणि मार्च २०२४ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून त्या संघटनेशी जोडलेल्या एजंटला ग्राहकाला घर दाखवायला नेण्याआधी मोबदल्याची रक्कम लिहिलेला करार करावा लागतो. एवढी मोठी संघटनाही हा प्रश्न टाळू शकली नाही.

घोडबंदर_९५

अमेरिकेचे कायदे मानपाड्याला चालत नाहीत. इथला ग्राहक घर दाखवण्याआधी करारावर सही करायला सांगितली तर त्याच पावली परत जाईल.

मधुरा_ऐरोली

माझे ग्राहक सही करतात. एका पानाचे साध्या मराठीतले पत्र आहे: मी तुमच्यासाठी काय करीन, माझी फी किती, आणि बिल्डरकडून काही मिळणार असेल तर ते किती. दहापैकी दोघे-तिघे परत जातात, हे खरे आहे. उरलेले मात्र आपल्या भावाला आणि मेव्हण्यालाही माझ्याकडे पाठवतात. कोलशेतकर, तुम्ही अजून सगळे सांगितलेले नाही असे वाटते. संघटना फुटेल असे म्हणालात; उपस्थिती घटली म्हणून संघटना फुटत नाही.

कोलशेतकर

ठीक आहे, लिहितो. दोन महिन्यांपूर्वी मी ग्रुपवर एक मसुदा टाकला होता. बिल्डरकडून मोबदला घेणाऱ्या सभासदाने तो ग्राहकाला लेखी कळवावा, एवढेच त्यात होते. त्यानंतर उपस्थिती घटली. त्याच सुमारास एका बिल्डरने आमच्या वार्षिक मेळाव्याचा सभागृह आणि जेवणाचा सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. अट एकच होती, की दुपारी सर्वांना त्याच्या साइटवर बसने न्यायचे. कार्यकारिणीतल्या सात जणांपैकी चौघांना ते हवे आहे. मी नको म्हटले, तर ते वेगळी संघटना काढण्याची भाषा करत आहेत. मला हे इथे लिहायचे नव्हते, कारण प्रश्न उपस्थितीचाच आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

रोजकीर्द

मी हिशेबनीस आहे. पुढे जाण्याआधी एकच विचारतो. वर्गणी कोणत्या खात्यात जमा होते?

कोलशेतकर

प्रत्येकी २,००० प्रमाणे ८६,००० रुपये जमले आहेत. संघटनेचे खाते अजून उघडलेले नाही. सध्या ते माझ्या बचत खात्यात आहेत. माझ्याकडे प्रत्येक रुपयाची नोंद आहे.

रोजकीर्द

तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, परंतु सभासदाला बँकेच्या पावतीवर संघटनेऐवजी तुमचे नाव दिसते. पारदर्शकतेचा ठराव मांडणाऱ्या अध्यक्षाच्या खात्यात सर्वांचे पैसे असतील, तर विरोधकांना दुसरा मुद्दा शोधावा लागणार नाही. हे रविवारच्या आत मार्गी लावा. नोंदणी होईपर्यंतही कार्यकारिणीचा ठराव करून ‘व्यक्तींची संघटना’ म्हणून पॅन काढता येतो आणि दोघांच्या सह्यांनी चालणारे खाते उघडता येते. पुढची पायरी म्हणून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी, म्हणजे संस्था, नोंदवावी. त्याला किमान सात जण लागतात आणि तुमच्या कार्यकारिणीत तेवढे आहेत.

निवृत्त_वकील_नौपाडा

सोसायटीचा मार्ग मी सुचवणार नाही. धर्मादाय किंवा ज्ञानप्रसाराच्या हेतूसाठी तो सोयीचा आहे, व्यावसायिकांच्या संघटनेला उद्देशांची भाषा ओढूनताणून बसवावी लागते. सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० लागू झाला, तर कार्यकारिणी बदलल्यावर दर वेळी ९० दिवसांत बदल अर्जही द्यावा लागतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालच्या, सभासदांना नफा न वाटणाऱ्या कंपनीत व्यापाराच्या उत्कर्षाचा हेतू स्पष्टपणे बसतो. तो मार्ग घ्यावा.

रोजकीर्द

कलम ८ ची कंपनी म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे. ८६,००० रुपयांच्या संघटनेला तो खर्च झेपेल का, याचाही विचार व्हावा. आमच्या भागातल्या एका व्यापारी मंडळाने हौसेने कंपनी काढली आणि तिसऱ्या वर्षी विलंब शुल्क भरण्यासाठी सभासदांकडे पुन्हा वर्गणी मागितली.

मधुरा_ऐरोली

कंपनी की सोसायटी, हे पुढच्या तीन महिन्यांत ठरवता येईल. रविवारचा प्रश्न मेळाव्याच्या खर्चाचा आणि त्या मसुद्याचा आहे. अध्यक्षांना आणखी एक विचारायचे आहे आणि राग मानू नये. तुम्ही स्वतः बिल्डरकडून कधी पैसे घेतले आहेत का?

कोलशेतकर

घेतले आहेत. पहिल्या वर्षी दोन व्यवहारांत घेतले आणि ग्राहकांना सांगितले नव्हते. त्यांपैकी एक कासारवडवलीचे शिक्षक जोडपे आहे. त्यांना ताबा ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा मिळाला आणि त्या काळात ते घराचे भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत होते. ताबा मिळाल्यावर त्यांनी मला पेढे आणून दिले. तो पुडा हातात घेताना मला फार अवघडल्यासारखे झाले, आणि संघटनेची कल्पना त्यानंतरची आहे. ही गोष्ट मी सभासदांना कधीच सांगितलेली नाही.

निवृत्त_वकील_नौपाडा

रविवारी सुरुवात तिथूनच करावी. ठराव त्यानंतर वाचावा.

घोडबंदर_९५

माझे मत बदललेले नाही, तरी एक सुचवतो. मसुद्यात ‘बंदी’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. ‘कळवणे’ एवढेच ठेवा. माझ्यासारखा माणूसही ‘कळवणे’ला नाही म्हणताना दोनदा विचार करेल. आणि बसची अट असेल तर तो मेळावा राहत नाही, साइट व्हिजिट होते. ती मीही स्वीकारली नसती.

कोलशेतकर

सर्वांचे आभार. बैठक काल झाली. आयत्या वेळी वार बदलता आला नाही, तरी २१ जण आले. आधी शिक्षक जोडप्याची हकीकत सांगितली. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर वाशीच्या एका सभासदाने उभे राहून आपल्या तीन व्यवहारांबद्दल सांगितले, मग आणखी दोघांनी. ठराव १५ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला आणि त्यात ‘कळवणे’ हाच शब्द ठेवला आहे. बिल्डरला नकाराचे पत्र आज पाठवले. मेळावा यंदा प्रत्येकी ३५० रुपये काढून, घरगुती जेवणावर होईल. कार्यकारिणीतले दोघे बाहेर पडले. चौघे जातील असे मला वाटले होते. पुढची बैठक ऐरोलीत, बुधवारी दुपारी तीनला आहे आणि पामबीच यांच्या सूचनेप्रमाणे त्यात प्रारंभ प्रमाणपत्र वाचायचे आहे.

खात्यासाठीच्या ठरावावर पाच सह्या झाल्या आहेत आणि पॅनचा अर्ज उद्या जाईल. मधुराताई, ते एका पानाचे पत्र नमुना म्हणून देऊ शकाल का? बुधवारी सर्वांना छापून द्यायचे आहे.

मधुरा_ऐरोली

व्यक्तिगत संदेशात पाठवले आहे. फीच्या रकान्यातला माझा आकडा खोडून मगच छापा. प्रत्येकाने तिथे आपला आकडा स्वतःच्या हाताने लिहावा.